गोठ्यातला चुकलेला ठेका

शिवणयंत्र बंद पडायच्या आधी चार दिवस खोकतं, असं मिस्त्रीताई म्हणायची, आणि दोनशे मशिनींच्या त्या कपड्यांच्या कारखान्यात तिचं हे म्हणणं हसण्यावारी न्यायची कोणाची छाती नव्हती. हात मागे बांधून ती रांगांमधून चालत जायची. कल्लोळ असा, की शेजारणीशी बोलायचं तरी ओरडावं लागे. आणि ही मध्येच थबकून एखाद्या मुलीच्या खांद्यावर बोट ठेवायची. "ऊठ गं. हे उद्या तुझा पोपट करणार आहे." मशीन उघडलं की आत झिजलेली दातरी नाहीतर सैल पडलेला स्क्रू निघायचाच.

तीस वर्षं तिने हेच केलं. आली तेव्हा काज करणारी साधी कामगार होती. मेकॅनिक रजेवर असताना एकदा स्वतःच मशीन खोललं, दुरुस्त केलं, आणि तिथून तिची मिस्त्रीताई झाली. खरं नाव पगाराच्या पाकिटावरच उरलं. मग एका वर्षी मालकाने कारखान्याचा बाडबिस्तरा गुंडाळून तो दुसरीकडे नेला, आणि मिस्त्रीताई त्रेपन्नाव्या वर्षी घरी बसली.

बसली म्हणजे काय, बसेल तर ती कसली! दोन महिन्यांत इमारतीतले सगळे मिक्सर, पंखे, इस्त्र्या तिच्या हाताखालून गेल्या. बिघडलेलं संपलं, तेव्हा ती चांगलं चाललेलं उघडायला लागली. नवरा वाचनालयात कारकून, शांत माणूस. तो एके दिवशी तिला म्हणाला, "हे बघ, माझे गुडघे कटकटतात, पण चालतात. त्यांना हात लावू नकोस."

त्याच आठवड्यात धाकट्या बहिणीचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही, सरळ रडणंच.

"ताई, ठिपकीलाही झालं गं. सातवी ही. सातवी!"

ठिपकी म्हणजे गाय. धाकटीच्या आणि तिच्या नवऱ्याच्या गोठ्यात बावीस गाई होत्या. पंधरा वर्षांपूर्वी दोन गाईंवर सुरुवात केलेली, एकेक करत वाढवलेली. या गाईंना गेल्या चार महिन्यांत एकामागून एक कासदाह होत होता. गोठ्यातली माणसं त्याला 'दगडी' म्हणतात, कारण सुजलेली कास हाताला दगडासारखी लागते. सड, म्हणजे कासेची चार बोंडं, गरम होतात, दुधात गुठळ्या येतात, गाय हात लावू देत नाही. इंजेक्शनं द्यायची, तितके दिवस तिचं दूध फेकायचं, ती बरी होतेय तोवर शेजारची पडते.

"मी येते," मिस्त्रीताई म्हणाली.

"तू येऊन काय करणार? तुला गाईचं काय कळतं?"

"काही नाही. तुझ्याजवळ बसेन."

आणि खरोखर ती बहिणीजवळ बसायलाच निघाली होती. पिशवीत दोन साड्या, आणि तीस वर्षांच्या सवयीने स्क्रू-ड्रायव्हरांची गुंडाळी.

*

बुधवारी दुपारी ती पोचली तेव्हा घरात सुतक असल्यासारखी शांतता होती. जेवणाच्या टेबलावर डेअरीचं पत्र पडलं होतं. धाकटीने ते तिच्यापुढे सरकवलं. शरीर रोगाशी झगडतं तेव्हा ज्या पेशी दुधात उतरतात, त्या डेअरीवाले दर मिलिलिटरमागे मोजतात. चार लाखांपर्यंत चालतं. यांच्या दुधात नऊ लाख निघाल्या होत्या. पाच आठवड्यांनी पुन्हा नमुना, आणि तेव्हाही आकडा खाली आला नाही, तर डेअरीची गाडी या फाटकाशी थांबणार नाही.

धाकटीचा नवरा, ज्याला माहेरची सगळी मंडळी 'जावईबापू' म्हणत, ताटातल्या भाताशी नुसता खेळत होता. एरवी हसरा माणूस. पण चार महिन्यांत त्याचा चेहरा पार उतरला होता.

"सगळं केलं, ताई," तो म्हणाला. "खाली रोज कोरडा भुसा टाकतो. कास धुतो, पुसतो. धार झाली की प्रत्येक सड औषधात बुडवतो. अजून काय करायचं? रोग काय आभाळातून पडतो? हातातूनच येतो."

हे 'हातातून' तो जरा मोठ्यानेच म्हणाला. कारण दारात धारकाका उभा होता.

धारकाका साठीचा. आयुष्यभर त्याने धारा काढल्या, आधी हाताने, आणि गेली दोन वर्षं यंत्राने. त्याने दोन्ही हात पुढे करून पालथे-उलथे दाखवले. धुऊन धुऊन बोटांची सालपटं निघाली होती, पेरांवर चिरा पडल्या होत्या.

"शनिवारपर्यंत दुसरा माणूस बघा," तो शांतपणे म्हणाला आणि गेला.

धाकटीने नवऱ्याकडे असं काही पाहिलं, की त्याने ताटावरून उठून सरळ गोठ्याची वाट धरली.

*

चार वाजता संध्याकाळची धार सुरू झाली. घरात बसून राहणं मिस्त्रीताईच्या रक्तात नव्हतं, ती बघायला गेली. धारेची खोली लांबट, पांढऱ्या टाइलची. एका वेळी चार गाई उभ्या राहतील अशा चार जागा. प्रत्येक जागेला दूधयंत्राचा एक संच: सडांना लावायचे चार कप, त्यांच्या आत मऊ रबराची नळी, आणि वर पाइपला बसवलेली मुठीएवढी एक डबी. मागे पंप घुमत होता. धारकाका एकेक गाय आत घेत होता. आधी कास पुसायचा, मग प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा काळ्या ताटलीत काढून गुठळी आहे का बघायचा, मग कप चढवायचा. हात कसे, तर जणू झोपलेल्या बाळाला टोपी घालतोय.

मिस्त्रीताई भिंतीला टेकून उभी राहिली. चारही डब्या एका ठेक्यात वाजत होत्या. चक्-चुक, चक्-चुक. तिला बरं वाटलं. कारखाना सुटल्यापासून इतका नेटका आवाज तिच्या कानावर पडला नव्हता. नकळत तिचा पाय ठेका धरायला लागला.

आणि पाय अडखळला.

तिने पुन्हा ठेका धरला. पुन्हा अडखळला. तिने डोळे मिटले. मग एका डबीचा आवाज बाजूला, दुसरीचा बाजूला, अशी ती एकेक धागा सुटा करत गेली. पहिली, दुसरी आणि चौथी म्हणत होत्या चक्-चुक. तिसरी म्हणत होती चक्क्क्-च. लंगडत होती! एखादा माणूस एक पाय ओढत चालावा तशी.

"थांबवा!" ती ओरडली.

धारकाका दचकला. "धार चालू आहे, बाई. मध्येच कसं थांबवणार?"

तो बरोबर होता. त्या चार गाई मोकळ्या होईपर्यंत मिस्त्रीताईने जी काही सहा-सात मिनिटं काढली, त्यात तिने स्वतःचा पदर पिळून पिळून त्याची दोरी केली. गाई बाहेर पडल्याबरोबर ती पुढे झाली.

"हे कप कसं काम करतात? मला सोप्या भाषेत सांगा."

"पंप ओढतो," काका म्हणाला. "पण सारखं ओढत राहिला तर सडाचं रक्त साकळेल. म्हणून ही डबी मध्ये मध्ये हवा सोडते. हवा आली की आतलं रबर मिटतं, सडाला दाबून आराम देतं. ओढ, आराम. ओढ, आराम. मिनिटाला साठ वेळा. वासरू कसं पितं, तसं."

"पंप चालू राहू दे." तिने हात धुतले आणि पहिल्या जागेच्या कपात अंगठा घातला. रबराने अंगठा ओढला, मग छान दाबून सोडला. ओढला, सोडला. दुसऱ्या जागी तसंच. मग तिसऱ्या जागी.

इथल्या कपाने अंगठा ओढला आणि धरूनच ठेवला. सोडल्यासारखं केलं, पण सोडला नाहीच. हस्तांदोलन करून हात न सोडणारी माणसं असतात ना, तसा. मिनिटभरात अंगठ्याचं टोक लालभडक झालं आणि ठणकायला लागलं.

"काका," ती म्हणाली, "या तिसऱ्या जागेवर कुठल्या गाई येतात?"

"कुठल्या म्हणजे? ज्या येतात त्याच. गाय म्हणजे ऑफिसातल्या हेडक्लार्कसारखी, बाई. आपली खुर्ची सोडायची नाही. ढमाली तिसऱ्यावरच येते. ठिपकी तिसऱ्यावर. भोपळी, मोरणी..." तो बोलता बोलता थांबला. पुढची नावं त्याने बोटांवर मोजली, ओठ नुसते हलले. मग त्याने मान वर केली. "सातांतल्या सहा. सातवी ती राणीसाहेब, ती मनाला येईल तिथे उभी राहते. आणि बाई, तिसऱ्यावरच्या गाई लाथा फार झाडतात. आम्ही म्हणायचो, एकजात खोडकर आहेत!"

"खोडकर कसल्या? दुखत होतं त्यांना!"

एकदमच दोघांनी जावईबापूंच्या नावाने हाका सुरू केल्या. तो बिचारा हातातली पाटी टाकून धावत आला. त्याला वाटलं आठवी गाय पडली.

"मशीन? छे," सगळं ऐकून तो म्हणाला. "दोनच वर्षं झाली घेऊन."

"अंगठा घाला, जावईबापू."

"अहो ताई..."

"घाला म्हणते ना!"

त्याने पहिल्या कपात घातला. मग तिसऱ्यात. पहिल्या दहा सेकंदांत त्याचं तोंड वाकडं झालं, विसाव्या सेकंदाला त्याने अंगठा हिसडून काढला. तो अंगठा चोळायला लागला. "रोज दोनदा," तो हळू म्हणाला. "प्रत्येकी सात मिनिटं." आणि धारकाकाकडे न बघता, टाइलकडे बघत, "काका... ते शनिवारचं... ते राहू द्या हं."

"बघू," काका म्हणाला. पण मिशीत हसू फुटलं होतं.

*

स्वयंपाकघराच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मिस्त्रीताईने ती डबी उघडली. खिडकीतून उतरतं ऊन येत होतं, धाकटी श्वास रोखून बाजूला उभी. डबीचं हवेचं छिद्र चाऱ्याच्या कोंड्याने अर्धं बुजलेलं होतं, आणि आत नाण्याएवढ्या रबरी पडद्याला केसासारखी चीर गेली होती.

"एवढीशी?" धाकटी म्हणाली. "या एवढ्याशा चिरेने माझ्या गाई पाडल्या?"

सहाच्या सुमाराला जनावरांच्या डॉक्टरीणबाई इंजेक्शनं द्यायला आल्या. तिशीतली, भराभर चालणारी, भराभर बोलणारी बाई. ऐकल्याबरोबर त्यांनी पिशवी खाली टाकली, भिंग काढलं आणि ढमालीच्या कासेखाली वाकल्या. मग पहिल्या जागेवरची एक गाय बघितली, मग पुन्हा ढमाली.

"या इकडे, सगळे या!" त्या ओरडल्या. "ही सडाची टोकं बघा. हिची कशी मऊ, गुळगुळीत. आणि ढमालीची? कडा बघा, घट्टा पडलाय, फुलकोबीसारखा. सडाच्या टोकाला एक इवलंसं दार असतं. धार झाली की ते हळूहळू मिटतं. या बिचारीचं दार मिटतच नाहीये! मग जंतू काय, येऊ का म्हणून विचारतील?" त्यांनी कपाळाला हात लावला. "मी चार महिने घट्टे बघतेय आणि त्यावर मलम देतेय. मशीन वाजतंय कसं, ते ऐकलंच नाही. तुम्ही कोण म्हणालात? शिवणयंत्राच्या?"

"होय."

"धन्य आहात!"

त्या संध्याकाळी त्या घरात चार महिन्यांनी पहिल्यांदा सगळे पोटभर जेवले. मिस्त्रीताईने नवऱ्याला फोन करून सगळी कथा सांगितली, आणि लगेच पुन्हा फोन करून पुन्हा सांगितली.

*

आता इथे तिच्या हातून चूक झाली, तीही सांगायला हवी.

नवा पडदा बाजारात मिळेना. दुकानदार म्हणाला मागवतो, चार दिवस लागतील. तोवर तिसरी जागा बंद. मिस्त्रीताईने पट्कन ठरवलं: तिसऱ्यावरच्या गाई पहिल्यावर घ्यायच्या. ढमालीला हे मान्य नव्हतं. ती बंद जागेवर जाऊन जी उभी राहिली, ती तीन माणसांनी ढकलूनही पाऊण तास हलली नाही, आणि शेवटी आपण होऊन, जणू तिलाच सुचलं, अशी पहिल्यावर चालत गेली.

"बाई," धारकाका दबकत म्हणाला, "आजारी गाई सगळ्यांच्या शेवटी घेऊ का? आमच्यात पूर्वी तसं करायचे."

"आणि तोवर त्यांनी दुखऱ्या कासेने ताटकळायचं? नाही, आधी त्यांना मोकळं करा. दोष मशीनचा होता, तो सापडलाय."

तिच्या अंगात तेव्हा जिंकल्याचं वारं होतं. काकाने मान डोलावली.

शनिवारी सकाळी त्याने नवरी नावाच्या गाईच्या पहिल्या धारा काळ्या ताटलीत काढल्या. नवरी पहिलटकरीण, महिनाभरापूर्वी व्यायलेली, सगळ्या गोठ्याची लाडकी. आजवर कधी तिसऱ्या जागेवर न गेलेली. ताटलीत दह्याच्या कवड्यांसारख्या गुठळ्या तरंगत होत्या.

डॉक्टरीणबाई तासाभरात आल्या. या वेळी भिंग काढलं नाही.

"हिच्याआधी त्या जागेवर कोण होती?"



"ठिपकी," धारकाका म्हणाला.

"ठिपकीच्या दुधात जंतू आहेत. तिचा कप काढून तसाच हिला लावला, म्हणजे जंतूंना गाडी करून दिलीत! मशीनने दार उघडं ठेवलं होतं, हे खरं. पण आत शिरलेले जंतू अजून त्या गाईंत आहेत. ते कपावरून जातात, फडक्यावरून जातात, हातावरून जातात. आजारी गाय शेवटी. हे कोणी सांगितलं नाही?"

धारकाका वर बघत होता, छताकडे. 

"सांगितलं होतं," मिस्त्रीताई म्हणाली. "काकांनी मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

मग ती तिथे थांबली नाही. चाऱ्याच्या खोलीमागे एका उलट्या बादलीवर जाऊन बसली. तिला वाटलं, सरळ पिशवी भरावी आणि बस पकडावी. यंत्राला समजावता येतं; चूक झाली तर उलटं फिरवून स्क्रू काढता येतो. त्या पोरसवद्या गाईच्या कासेतून रोग उलटा कसा फिरवायचा?

थोड्या वेळाने धारकाका चहाचे दोन पेले घेऊन आला आणि शेजारी जमिनीवर बसला.

"आज शनिवार," तो म्हणाला. "आज मी जाणार होतो. तुमच्यामुळे थांबलो. आता तुम्ही निघालात, तर मी एकटा त्या डबीशी काय बोलू?"

मिस्त्रीताईला रडता रडता हसू फुटलं.

"तुम्ही पुन्हा का नाही म्हणालात? भांडायचं माझ्याशी!"

"चार महिने माझं कोण ऐकत होतं, बाई? सवय मोडली होती बोलायची."

तिने चहा एका घोटात संपवला आणि उठली. "चला. आजपासून तुम्ही बोलायचं, मी लिहिणार."

*

धारेच्या खोलीच्या भिंतीवर तिने खडूने तीन याद्या लिहिल्या. ठणठणीत गाई आधी. ज्यांच्याबद्दल शंका, त्या मग. आजारी शेवटी, त्यांच्या मागच्या पायाला लाल पट्टी, आणि त्यांचं दूध वेगळ्या बादलीत. प्रत्येक गाईला स्वतंत्र फडकं. बावीस फडकी तिने स्वतः शिवली, हाताने टीप घालून, आणि ती रोज उकळून वाळायला लागली. दोरीवर फडकी बघून रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, या घरात तिळं जन्मलंय.

काकाच्या डोक्यातून एकेक गोष्ट निघायला लागली, चाळीस वर्षांत कोणी विचारलीच नव्हती अशी. "धार झाली की गाईला लगेच बसू देऊ नये. पुढे ताजा चारा टाकला की ती अर्धा तास खात उभी राहते. तोवर सडाचं दार मिटतं." डॉक्टरीणबाईंनी टाळी वाजवली. "अगदी बरोबर! पुस्तकात हेच आहे!" काका म्हणाला, "पुस्तकाला कोणी सांगितलं?"

पाचव्या दिवशी पडदा आला. मिस्त्रीताईने तो बसवला, चारही डब्यांची छिद्रं साफ केली, आतली जुनी रबरं काढून नवी घातली. सगळे तिथे जमले होते, धाकटीने गॅस बंद करून यायचं तेवढं लक्षात ठेवलं होतं. पंप सुरू झाला.

चक्-चुक. चक्-चुक. चक्-चुक. चक्-चुक.

मिस्त्रीताई डोळे मिटून ऐकत राहिली. मग तिने डोळे न उघडताच पायाने ठेका धरला, मग हाताने, मग धाकटीला धरून ती त्या ओल्या टाइलवर चक्क नाचली. ढमाली तिसऱ्या जागेवर आली, सवयीने पाय उचलला, थबकली, आणि खाली ठेवला. सात मिनिटांत एकदाही लाथ झाडली नाही. मधेच तिने रवंथ सुरू केला.

"बघा!" धारकाका कुजबुजला. "धार चालू असताना रवंथ! दोन वर्षांत केला नव्हता हिने!"

मिस्त्रीताई दोन दिवसांसाठी आली होती, ती पाच आठवडे राहिली. नवरा दर रविवारी तिचे धुतलेले कपडे घेऊन यायचा आणि गाईंना लांबूनच नमस्कार करायचा. दर बुधवारी डॉक्टरीणबाई पांढरी तबकडी आणायच्या. तिला चार खळगे, एकेका सडाचं दूध एकेका खळग्यात, वर औषधाचे थेंब, आणि तबकडी गोल फिरवायची. दूध आजारी असेल तर पळीवाढ्या डाळीसारखं घट्ट होतं, निरोगी असेल तर पाण्यासारखं हिंदकळतं. पहिल्या बुधवारी नऊ गाईंचं दूध घट्ट झालं. दुसऱ्या बुधवारी सात. तिसऱ्या बुधवारी चार. सगळं काही गोड झालं नाही. ढमालीचा एक सड कायमचा आटला. डॉक्टरीणबाईंनी हात टेकले. ती तीन सडांवरच राहिली, पण मिजास चारांची.

नवरीचा खळगा तीन आठवडे घट्ट येत राहिला. दर वेळी मिस्त्रीताई तोंड फिरवून उभी राहायची. चौथ्या बुधवारी डॉक्टरीणबाईंनी तबकडी फिरवली, थांबल्या, पुन्हा फिरवली.

"इकडे बघा."

"नाही बघत. तुम्हीच सांगा."

"अहो बघा तर!"

चारही खळग्यांत दूध पाण्यासारखं हिंदकळत होतं. मिस्त्रीताईने ती तबकडी हातात घेतली, आणि स्वतः फिरवून पाहिली, एकदा, दोनदा, दहादा. मग तिने नवरीच्या कपाळाला कपाळ टेकवलं. नवरीने तिचा पदर खायला घेतला, आणि तिने खुशाल खाऊ दिला.

पुढच्या सोमवारी डेअरीचा माणूस नमुना घेऊन गेला. बुधवारी सकाळी अकराला फोन वाजला. जावईबापूने उचलला, "हं... हं... काय?... पुन्हा सांगा," म्हणाला, आणि फोन कानाशी तसाच धरून अंगणात धावत सुटला.

"तीन लाख चाळीस हजार! तीन लाख चाळीस!"

पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करत राहिला. जावईबापूने फोन धाकटीच्या हातात कोंबला, तडक धारेच्या खोलीत गेला आणि फरशी धूत असलेल्या धारकाकाला त्याने रबरी बुटांसकट उचललं.

"खाली ठेवा!" काका ओरडला. "कंबर जाईल! तुमची!"

*

ही बातमी गोठ्या-गोठ्यांतून पसरायला वेळ लागला नाही, कारण ती पसरवायचं काम डॉक्टरीणबाई करत होत्या. मिस्त्रीताई घरी परतली, पण जेमतेम आठवडाभर. मग एक फोन आला, मग दुसरा. त्या वर्षात तिने चौदा गोठे ऐकले. कुठे डबी लंगडत होती, कुठे पंप गरजेपेक्षा जास्त ओढत होता, आणि एके ठिकाणी तर दाब दाखवणारा काटा पंप बंद केल्यावरही तिथेच उभा. वर्षभर अडकलेला, आणि घरातले रोज त्याच्याकडे बघून समाधानाने मान डोलवत होते. मशीन ठीक असेल, तर ती तसं सांगायची आणि म्हणायची, "आता काकांना बोलवा." मग धारकाका सुटीच्या दिवशी यायचा आणि हात, फडकी, भुसा, चारा बघायचा. एकट्याने कुठे निकाल द्यायचा नाही, हे दोघांनी पक्कं ठरवलं होतं.

मग डॉक्टरीणबाईंनी दवाखान्याच्या मागच्या खोलीत या दोघांचा वर्ग ठेवला. दहा माणसं येतील म्हणून दहा खुर्च्या मांडल्या, एकतीस आली. खिडकीच्या कट्ट्यावर माणसं, दारात माणसं. काकाने भर वर्गात बाह्या सारून हात कसे धुवायचे ते करून दाखवलं, कोपरापर्यंत, आणि पहिल्या रांगेतल्या एका धष्टपुष्ट गड्याला उठवून, नखं कापायला घरी पाठवतो म्हणून दम दिला. मग मिस्त्रीताईने टेबलावरचा छोटा पंप सुरू केला.

"डोळे मिटा सगळ्यांनी. बोलू नका. नुसतं ऐका."

चक्-चुक, चक्-चुक. एकतीस माणसं डोळे मिटून बसली. मिनिटभराने मागून एका बाईचा आवाज आला, "ताई, आमच्याकडे असं नाही वाजत."

"कसं वाजतं?"

"जरा... थांबून थांबून."

"आमच्याकडेही," दारातून कोणीतरी म्हणालं. आणखी दोन हात वर झाले. मग तिसरा.

मिस्त्रीताईने पंप बंद केला. स्क्रू-ड्रायव्हरांची गुंडाळी काखेत मारली.

"सगळ्यात जवळचा गोठा कोणाचा?"

"माझा!" मागची बाई उठलीच. "पुलापलीकडे, चालत दहा मिनिटं!"

"चला मग! धारेची वेळ झालीच आहे," मिस्त्रीताई म्हणाली, आणि सबंध वर्ग खुर्च्या खडखडवत तिच्यामागून रस्त्यावर आला.